पन्हळीचं माप

एप्रिलमध्ये कोणी पावसाचं बोलत नाही,
पाण्याचं बोललंच तर टँकरचं.
तरी मी धनकवडीहून बस बदलत
बोहरी आळीत गेले,
पर्समध्ये चिठ्ठी:
पत्रा तीस बाय चौदा, उतार शेजारच्या अंगाला.

हातिमभाई म्हणाले, चार इंची न्या,
सगळे चारच नेतात.
मी विचारलं, चार म्हणजे किती पावसाला?
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
एवढ्या वर्षांत, म्हणाले,
लोकांनी रंग विचारला, गंजेल का विचारलं,
हे कोणी नाही.

घरी येऊन वही उघडली.
वर्षाचा पाऊस, सातशे मिलिमीटर, कमी-जास्त.
दिवसांनी भागला.
आलं ते दोनाच्या आत,
एवढ्याला करवंटीसुद्धा पुरली असती.
पेन्सिल चावत बसले, तेव्हा लक्षात आलं
की सरासरी पाऊस
आमच्या पत्र्यावर एकदाही पडलेला नाही.
पडतो तो सप्टेंबरातला, दुपारी साडेचारचा,
कात्रजकडून काळा होत येणारा,
वाळत घातलेले पापडसुद्धा उचलू न देणारा.
माप त्याच्या दहा मिनिटांचं हवं होतं,
आणि ती दहा मिनिटं पेपरात छापून येत नाहीत.

ती गोडांबेबाईंकडे होती.

आमची जुनी तीन इंची पन्हळ
अकरा वर्षं त्यांच्या न्हाणीघराच्या भिंतीवर सांडते.
एकदाही भांडल्या नाहीत.
फक्त, चुकून आलेलं पत्र द्यावं तशा आवाजात
कधीतरी म्हणायच्या, तुमच्याकडचं पाणी आलं होतं काल.
आणि मी म्हणायची, हो का.

आढ्याचं पाणी वळचणीला येणार,
हे आपण सगळेच म्हणतो.
वळचणीचं पुढे कोणाकडे जातं
ते म्हणीत नाही.

पन्ह्याचा तांब्या घेऊन गेले.
भिंत पाहिली आधी. खांद्याएवढ्या उंचीवर पोपडे,
खाली हिरवट डाग, त्याला चुन्याचे तीन-चार हात.
मग विचारलं, चाचरतच.
बाई आत गेल्या आणि जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी घेऊन आल्या.
टेलिफोनात होत्या त्या, ट्रंक कॉलवर,
तीन मिनिटं झाली, वाढवायचे का, असं
सत्तावीस वर्षं परक्यांना विचारलेलं.
निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नव्हतं, म्हणाल्या,
मग तुमचं पाणी होतं.

पानांच्या मागच्या बाजूला, बारीक निळ्या अक्षरात:
बादली पंधरा लिटर. सहा मिनिटं.
बादली. चार मिनिटं. वारा पश्चिमेचा.
बादली. सोनमोहोराचा कचरा अडकला, मोजलं नाही.
आणि एका सप्टेंबरात, दोनदा अधोरेखित:
पन्नास सेकंद.

पन्हं संपेपर्यंत आम्ही दोघी
त्या पन्नास सेकंदांकडे बघत होतो.

सहा इंची आणली.
मारुती कुचेकर शिडीवरून ओरडला,
ताई, खालचा पाईप चारचा घ्या, अडीचचा नको,
नाहीतर वर नुसता हौद होईल.
म्हणजे पुन्हा एक बस, पुन्हा हातिमभाई.
परत आले तर त्यानं दोरी ताणलेली,
दहा फुटांना अर्धा इंच उतार,
डोळ्यांना दिसणारच नाही एवढा.
खरा आहे का, मी विचारलं.
त्यानं खिशातून गोटी काढली.

गोडांबेबाई त्यांच्या अंगणातून बघत होत्या.
म्हटलं, या, पाईप आता इकडेच उतरतो.
आल्या. बादली घेऊन आल्या.
आमच्या बाजूला पाईपच्या तोंडाखाली ठेवली
आणि पदर सावरून घड्याळ वर केलं.

वर गोटी निघाली,
पत्र्याच्या पोटातून तिचा घरंगळता आवाज,
एका जोडापाशी जरा थबकलेला, मग पुढे,
मग काहीच नाही,
मग टण्.

अकरा, बाई म्हणाल्या,
आणि पेन मागितलं.